रबरी फुगा

स्टुडिओ रिकामा करायचा म्हणून सगळे सकाळीच जमले होते, पण दुपार कलली तरी निम्मी खोकीसुद्धा भरून झाली नव्हती. याला कारण आप्पा. खोक्यात जाणारी प्रत्येक वस्तू ते हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि तिची कुळकथा सुरू करायचे. या कठड्याला टेकून किती नवरे घामाघूम झाले, या आरशात बघून किती जणांनी टकलावरचे चार केस आठ केले. थोरला मुलगा ऐकल्यासारखं करायचा आणि घड्याळ बघायचा. संध्याकाळी जागा मोबाइलवाल्याच्या ताब्यात द्यायची होती.

"आप्पा, सामान आवरायचंय, प्रदर्शन नाही भरवायचं."

"आवरतोच आहे," आप्पा म्हणायचे आणि पुढची वस्तू उचलायचे.

आत्या खाली जमिनीवर बसून फ्रेमांना कागद गुंडाळत होती. आत्या म्हणजे आप्पांची मधली लेक. पण गोटी तिला आत्या म्हणते, आणि गोटी म्हणेल ते या घरात चालू होतं, त्यामुळे आता आप्पांपासून थोरल्यापर्यंत सगळेच तिला आत्या म्हणत. फक्त धाकटा अजून ताई म्हणायचा. गोटी ही त्या धाकट्याची लेक. पाच वर्षांची, गोल चेहऱ्याची आणि गोटीसारखीच कुठं घरंगळत जाईल याचा नेम नसलेली. म्हणजे पूर्वी तशी होती.

भिंतीवरचे फोटो उतरवून झाले होते. जिथं फोटो होते तिथं भिंतीचा जुना रंग ताजा राहिला होता. मधला एक चौकोन मात्र बाकीच्यांपेक्षा मळलेला दिसत होता. तो आज नव्हे, वर्षभरापूर्वीच रिकामा झाला होता. तिथं गोटीची आई होती.

तिचे सगळे फोटो थोरल्या वहिनीनं काढून ठेवले होते, घरातले आणि स्टुडिओतले, ती गेली त्याच आठवड्यात. वहिनीच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पोर उठताबसता बघेल आणि रडेल, डोळ्यांआड झालं की हळूहळू विसरेल, असा साधा हिशेब. आत्या कुरकुरली होती, पण धाकट्याचा चेहरा बघून तिनं शब्द गिळले. ज्या स्टुडिओनं गावभरच्या माणसांच्या आठवणी काचेत बसवून दिल्या, त्यानं स्वतःच्या घरची आठवण वर्तमानपत्रात गुंडाळून अंधारखोलीच्या वरच्या फळीवर ठेवली. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

आणि गोटी रडली नाही. एकदाही नाही. आई कुठं आहे हे तिनं विचारलं नाही, आईचं नाव काढलं नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, किती समजूतदार पोर आहे. हा शब्द ऐकला की आत्या तिथून उठून जायची. पाच वर्षांचं मूल समजूतदार झालं की त्यानं काहीतरी फार मोठं एकट्यानं उचललेलं असतं, हे तिला कामावरून माहीत होतं. शाळेत गोटी मुलांना ढकलायची, घरी अंथरूण ओलं करायची, आणि कुणी फोटोसाठी नुसता मोबाइल वर केला तरी किंचाळून टेबलाखाली शिरायची.

आत्याचं कामच ते. मनातून दुखावलेल्या लहान मुलांना खेळातून बरं करायचं. तिच्या खोलीत वाळूचं मोठं ताट होतं, बाहुल्या होत्या, खोटा दवाखाना होता, मारायला उशी होती. मुलं तिथं येऊन काही बोलत नसत, खेळत. आणि जे तोंडातून येत नाही ते हातांतून येई. वहिनी हे सगळ्यांना एका वाक्यात समजावून सांगायची. "आमच्या वन्सं खेळायचा पगार घेतात."

पण या कामाचा एक नियम असतो, आपल्या रक्ताचं मूल आपण घ्यायचं नाही. सर्जन आपल्या माणसावर सुरी चालवत नाही, तसंच. म्हणून आत्यानं गोटीला सोबत काम करणाऱ्या एका बाईंकडं पाठवलं होतं. गोटी तिथं दर वेळी पूर्ण वेळ खुर्चीत बसली, पायातले बूट न काढता, आणि वेळ संपल्यावर उठून बाहेर आली.

आता दाराशी खोक्यांच्या रांगेत एक छोटी निळी बॅगही उभी होती. तिच्यातून गोटीच्या स्वेटरची बाही बाहेर आली होती. आज संध्याकाळी थोरला आणि वहिनी गोटीला आपल्या गावी घेऊन जाणार होते. कायमची, असं कुणी म्हटलं नव्हतं. नाही, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"अजून विचार कर, दादा," आत्या म्हणाली. गोटी तेव्हा मागच्या अंगणात मांजराशी बसली होती.

"वर्षभर विचारच केला. तुझ्या त्या बाईंकडं जाऊन काय झालं? बूट घालून बसून आली."

"वेळ लागतो."

"तेच तर म्हणतोय, वेळ आमच्याकडं आहे. शाळा समोर, माणसं मोकळी. जागा बदलली की पोर बदलेल."

"आमची दोन्ही शिकायला बाहेर गेली," वहिनी म्हणाली. ती टेबलाचे खण पुसत होती. "घर खायला उठतं. मी काही तिला परक्यात नाही नेत. वेणी घालायला कुणीतरी बाई नको का पोरीला?"

वहिनीचा आवाज एरवी ठसक्याचा असे. या वाक्याला तो नव्हता, त्यामुळे आत्याला पटकन उलटून बोलता येईना. ती धाकट्याकडं वळली. "तू बोल की काहीतरी. तुझी लेक आहे."

धाकटा खोक्याला सुतळी बांधत होता. गाठ बसली होती तरी तो बांधतच होता. "मला नाही जमत, ताई. परवा जेवताना म्हणाली, बाबा, तू कधी जाणार? मला वाटलं बाजारात. म्हटलं, उद्या जाईन. ती ताट सोडून उठली आणि कपाटात जाऊन बसली. मी काय बोलतो, तिला काय लागतं, मला कळतच नाही. दादाकडं तरी..."

वाक्य त्यानं तिथंच सोडलं. आत्यानं आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी नजर चुकवली. म्हणजे त्यांचंही मत थोरल्याच्याच पारड्यात होतं. घरच्या मामल्यात घरचा वैद्य कुणालाच नको असतो. आत्या पुन्हा कागद गुंडाळायला लागली, आणि कागद फाटला.

"खोकी राहू द्या," आप्पा म्हणाले. "उजेड आहे तोवर फोटो काढून घेऊ."

ही गोष्ट मात्र कुणाला नाही म्हणता येण्यासारखी नव्हती. स्टुडिओच्या वाढदिवसाला दरवर्षी सगळं घर तळं रंगवलेल्या त्याच पडद्यासमोर त्याच खुर्च्यांवर बसायचं, आणि फोटो त्या जुन्या तीन पायांच्या लाकडी कॅमेऱ्यानंच निघायचा. बाकी गिऱ्हाइकांसाठी नवे कॅमेरे आले आणि जुने झाले. हा घरासाठी राखलेला. यंदाच्या वाढदिवसाला अजून थोडे दिवस होते, पण तोवर स्टुडिओ राहणार नव्हता. आप्पांनी त्या कॅमेऱ्यात बसणारी एकच चांगली फिल्म या दिवसासाठी जपून ठेवली होती.

खुर्च्या मांडल्या गेल्या. आप्पांनी मागचं काळं फडकं झटकलं, कॅमेऱ्याची लांब रबरी नळी बाहेर काढली आणि तिच्या टोकाचा फुगा हातात घेतला. तो लिंबाएवढा रबरी फुगा दाबला की नळीतून हवा जायची आणि पुढं झडप उघडून मिटायची. तेवढ्यात वहिनी गोटीला हाताला धरून घेऊन आली.

"ये, माझ्या मांडीवर बस हं. मधल्या खुर्चीत. राणीसारखी."

गोटीनं मधली खुर्ची पाहिली. मग आप्पांच्या हातातला फुगा पाहिला.  वहिनीच्या हातातून हात सोडवून ती धावली, फुगा आप्पांच्या हातातून ओढून घेतला आणि त्यासकट काळ्या फडक्याखाली शिरली. कॅमेरा डगमगला. आप्पांनी दोन्ही हातांनी तो कवटाळला. वहिनी फडकं वर करायला गेली आणि हात धरून मागं सरली.

"चावली. अहो, चावली मला."

"बस झाले लाड," थोरला उठला. "गोटी, बाहेर ये. मी तीन म्हणायच्या आत बाहेर ये."

"दादा, आकडे मोजू नको."

"मग काय आरती ओवाळू? तासाभरात माणूस किल्ल्या न्यायला येईल."

"मला खेळण्यांची पेटी दे."

"ती बांधून झाली. सगळ्यात खालच्या खोक्यात आहे."

आत्या काही बोलण्याआधीच सुतळी तुटल्याचा आवाज आला. आप्पा कात्री घेऊन खोक्यांजवळ उकिडवे बसले होते. "माझ्या स्टुडिओत मूल कधी ओढून फोटोला बसवलं नाही," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी ती सुरुवात नको." वरची दोन खोकी त्यांनी बाजूला ढकलली आणि पत्र्याची पेटी बाहेर ओढली. थोरला आ वासून बघत राहिला. सकाळपासून आप्पा त्याच्या बाजूचे होते.

पेटीचं झाकण उघडताना तीच जुनी कुरकुर झाली, आणि आत्या आठ वर्षांची झाली. त्या वयात रविवारी तिला हेच काम असे. फोटोला आलेलं मूल भोकाड पसरून आत शिरायचं, आईबाप हस हस म्हणून त्याला रडकुंडीला आणायचे. आप्पा कॅमेऱ्यामागं चहा पीत बसून राहायचे आणि म्हणायचे, आधी पेटी. मग छोटी आत्या पेटी उघडून त्या मुलाजवळ जमिनीवर बसायची. आप्पांनी तिला शिकवलेलं एवढंच, त्याला काही देऊ नको, काही विचारू नको, तो करेल ते बघ. मूल आधी बघायचं, मग एक खेळणं उचलायचं, मग दुसरं. रडं कुठं गेलं ते कळायचं नाही. मोठेपणी कॉलेजात जाड पुस्तकांतून ती हेच शिकली, आणि घरी येऊन आप्पांना म्हणाली की तुम्हीच माझी पहिली पदवी. आप्पांनी ते दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं.

नियम नियमाच्या जागी राहिला. आत्या पेटीशेजारी बसली. "तुम्ही सगळे भिंतीकडं जा," ती हळूच म्हणाली. "आणि काहीही झालं तरी मध्ये बोलू नका. गप्प राहणं जमत नसेल त्यानं बाहेर जाऊन चहा प्यावा."

कुणी गेलं नाही.

फडक्याखाली गोटीचे पाय दिसत होते. बराच वेळ ते हलले नाहीत. आत असताना पलीकडचं काय दिसतं हे आत्याला ठाऊक होतं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर खुर्च्या उलट्या, तळं वर, आकाश खाली. तिनं पेटीतली खेळणी एकेक काढून खाली ठेवली. एका कानाचा घोडा. ढोलवालं माकड. पत्र्याचं बदक. लाकडी बाहुला-बाहुली. चिंध्यांची छोटी ठकी. सगळ्यांना डोळे आणि ओठ नव्यानं रंगवलेले होते. गोटीची आई फोटोंना रंग भरायची, आणि उरलेल्या रंगात खेळणी रंगवायची. सगळ्यात बारीक कुंचला दातांत धरून हसायची, आणि इतकं मोठ्यानं की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकवायचं. बदकाला तिनं भुवया काढल्या होत्या. भुवया नेमक्या कुणाच्या, ते घरात सगळ्यांना कळलं होतं, वहिनी सोडून.

पाय हलले. फुग्यासकट गोटी बाहेर आली आणि पेटीपासून हातभर लांब बसली. मग तिनं बूट काढले.

आत्यानं चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

गोटीनं घोडा उचलून मांडला. शेजारी माकड, शेजारी बदक. बाहुल्याला टोकाला बसवलं. लाकडी बाहुलीला मध्ये.

"सगळे ओळीत बसले," आत्या म्हणाली. विचारलं नाही, जे दिसलं तेवढंच बोलली.

गोटीनं चिंध्यांच्या ठकीला ओळीसमोर उभं केलं. रबरी फुगा तिच्या पोटाला टेकवला आणि दाबला. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती, तरी वर झडप खटकन वाजली. गोटीनं मधली बाहुली उचलली, पेटीत टाकली आणि झाकण लावून टाकलं.

"ठकीनं फुगा दाबला. बाहुली पेटीत गेली. झाकण बंद."

"हं."

भिंतीजवळून थोरल्याचा आवाज आला. "अगं, मग काढ की तिला बाहेर, त्यात काय." आप्पांनी त्याचं मनगट धरलं. गोटीनं ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. तिनं झाकण उघडलं, बाहुली पुन्हा मध्ये बसवली, पुन्हा फुगा दाबला, पुन्हा बाहुली पेटीत. पुन्हा. दर वेळी झाकण जास्त जोरात लागत होतं.

"दर वेळी तीच जाते," आत्या म्हणाली.

"दर वेळी तीच दाबते," गोटी ठकीकडं बोट दाखवून म्हणाली. वर्षभरात तिनं एवढ्या मोठ्यानं काही म्हटलं नव्हतं. "दाबायचं नसतं तरी दाबते."

 स्टुडिओचा गेल्या वर्षीचा वाढदिवस आत्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मधल्या खुर्चीत गोटीची आई बसली होती, थोडी उतरलेली, पण हसत. तीच म्हणाली होती, यंदा फुगा गोटी दाबेल. आप्पांनी गोटीला स्टुलावर उभं केलं, फुगा तिच्या मुठीत दिला. गोटीनं दोन्ही हातांनी दाबला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर काही दिवसांत आई दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. मग भिंतीवरून तो फोटोही गेला.

आता कुशीत घ्यावं आणि सांगून टाकावं, की नाही गं, तुझा काही दोष नाही, असं आत्याला अगदी जिभेवर आलं. तिनं ते मागं ढकललं. मोठी माणसं घाईनं नाही म्हणाली की मूल पुन्हा झाकण लावून घेतं.

"ठकीला वाटतं, तिनं दाबलं म्हणून बाहुली गेली," ती म्हणाली.

गोटीनं मान हलवली.

"हे फार जड आहे. ठकी केवढीशी."

"सगळ्यांना माहितीये," गोटी म्हणाली. "घोड्याला माहितीये, बदकाला माहितीये, बाबाला पण. म्हणून कुणी बोलत नाही. फोटो पण लपवला. ती वाईट आहे ना, म्हणून." तिनं ठकीला उचललं, बुटांच्या जोडीवर बसवलं आणि बूट दाराकडं सरकवत नेले, निळ्या बॅगेपर्यंत. "आता तिला दुसऱ्या घरी पाठवणार."

 वहिनीनं चावलेला हात तोंडावर दाबून धरला होता. थोरला बॅगेकडं बघत होता. मायेनं भरलेली बॅग, आणि पोरीनं ती शिक्षा म्हणून मोजली होती.

धाकटा भिंत सोडून पुढं आला. बायको गेल्यापासून तो मुलीशी उभ्यानंच बोलत आला होता, ताट वाढताना, दप्तर देताना. तो येऊन जमिनीवर बसला, मांडी घालून.

"मी खेळू?"

गोटीनं त्याला न्याहाळलं. मग लाकडी बाहुला त्याच्या हातात दिला. "तू हा."

धाकट्यानं बाहुला हातात फिरवला. त्याला शब्द सापडत नव्हते. आत्यानं त्याला शब्द पुरवले नाहीत. शेवटी तो बाहुल्याला ठकीजवळ नेऊन म्हणाला, "ठके, मला तुला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. बाहुली आजारी होती."

"कधी?"

"फोटोच्या आधीपासून. तिच्या रक्तात आजार होता. डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं. फोटोच्या दिवशी तिला माहीत होतं."

भिंतीजवळ आप्पांनी खुर्चीची पाठ धरली. ती फोटोच्या आधीपासून आजारी होती हे त्यांनाही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"मग ती हसली का?" गोटीनं विचारलं.

"कारण फुगा तुझ्या हातात होता." धाकट्याचा बाहुला बाजूला पडला होता, आणि तो आता सरळ लेकीशी बोलत होता. "घरी आदल्या दिवशी मला म्हणाली, माझा हा फोटो गोटीनं काढायचा. दुसऱ्या कुणी नाही. तिला तू काढलेला हवा होता. तुझ्यामुळं ती गेली नाही, गोटी. औषधं पुरी पडली नाहीत म्हणून गेली."

 गोटीनं फुग्याकडं पाहिलं. ऐकलं होतं, पण ऐकण्यापासून पटण्यापर्यंत लहान मुलाला हातांनी करून बघतच जावं लागतं. आत्याला ते माहीत होतं, आणि आश्चर्य म्हणजे आप्पांनाही माहीत होतं. ते पुढं आले आणि मधल्या खुर्चीत जाऊन बसले.

"दाब," ते म्हणाले.

"नको."

"मी म्हातारा आहे, मला भीती नाही. बघ तरी काय होतं."

गोटीनं डोळे घट्ट मिटले आणि फुगा दाबला. खट. मग एक डोळा उघडला.

"आहेस?"

"आहे की. गुडघे दुखतायत, म्हणजे आहेच."

आप्पा उठले. वहिनी कुणी न सांगता येऊन बसली. तिनं केस सारखे केले, जणू खरंच फोटो होता. खट. "आहेस?" "आहे गं राणी." थोरला आला, अवघडून बसला, किल्ल्या खिशात कोंबून. खट. "आहेस?" "आहे." आत्या बसली. मग धाकटा उठून खुर्चीत बसला, आणि गोटीचा हात थांबला.

 आत्यानं सगळ्यांना नजरेनं जागेवर खिळवून ठेवलं.

"कधी जाणार तू?" गोटीनं विचारलं. आता धाकट्याला प्रश्न समजला.

"मी आजारी नाही," तो म्हणाला. "मी इथं आहे. आणि तूही माझ्याजवळ राहणार आहेस. आपल्या घरी."

त्यानं थोरल्याकडं पाहिलंही नाही. थोरला दाराशी गेला, निळी बॅग उचलली, बाहेर आलेली बाही आत सारली आणि बॅग धाकट्याच्या सामानात नेऊन ठेवली. "शाळा काय, इथंही बरी आहे," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

गोटीनं फुगा दाबला. डोळे उघडे ठेवून.

"आहेस?"

"आहे."

तिनं पुन्हा दाबला. पुन्हा विचारलं. कितीदा, ते कुणी मोजलं नाही. धाकटा दर वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखा आहे म्हणत राहिला. हे एका दुपारी संपणार नाही, उद्या पुन्हा विचारेल, वर्षभर विचारेल, हे आत्याला कळत होतं. ती आपल्या सोबतच्या बाईंना उद्याच फोन करणार होती. निदान बूट तरी निघाले होते.

तेवढ्यात अंधारखोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वहिनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं गुंडाळं काढत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत जाळी लागली होती. तिनं वर्तमानपत्र सोडलं, काच आपल्या कपड्यानंच पुसली आणि गोटीसमोर खाली बसली.

"मी काढून ठेवला होता गं. मला वाटलं, तुला बघवणार नाही. खरं सांगू, मला बघवत नव्हता."

गोटीनं फोटो पाहिला. गेल्या वर्षीचा, तिनंच काढलेला. सगळे ओळीत, आणि मध्ये हसणारी आई, सगळंच जरा पुसट, कारण फुगा दाबताना कॅमेरा हलला होता. गोटी फोटो घेऊन गेली आणि मधल्या खुर्चीवर ठेवला.

"आता सगळे बसा," ती म्हणाली. "मी दाबणार."

आप्पांनी शेवटची फिल्म भरली. ती बसवायला वेळ लागला, आणि कुणी घड्याळ पाहिलं नाही. सगळे आपापल्या खुर्चीत बसले. दाराच्या काचेवर टकटक झाली. मोबाइलवाल्याचा माणूस किल्ल्या न्यायला आला होता. थोरल्यानं बसल्या जागेवरूनच हातानं खूण केली, थांबा.

गोटी स्टुलावर चढली. फुगा दोन्ही हातांत धरला. ओळीतल्या प्रत्येकाकडं एकेक करून पाहिलं, आणि दाबला.

खट.

ती खाली उतरली आणि ओळीच्या टोकापासून चालू लागली. प्रत्येकाच्या गुडघ्यावर हात ठेवत. "आप्पा आहे. काका आहे. काकू आहे. आत्या आहे. बाबा आहे." मग ती मधल्या खुर्चीशी आली. काचेवर हात ठेवला. काच गार होती. 

"आई नाहीये," गोटी म्हणाली.

आणि वर्षभरात पहिल्यांदा ती रडली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, तिच्या आईच्या हसण्याइतकंच मोठ्यानं. बाहेरचा माणूस काचेतून आत डोकावला. धाकट्यानं तिला उचलून घेतलं. गप्प हो, असं कुणीही म्हणालं नाही.